वीरकर सर आणि शून्य तारखेची माणसं

आमच्या ऑफिसातले वीरकर सर डेटाबेसला अहो-जाहो करतात.

म्हणजे अगदी 'आवं' म्हणतात. सकाळी अकराच्या सुमाराला खिडकीकडच्या कोपऱ्यातून "आवं, दमानं. काय दुखतंय ते नीट सांगा की. मी काय पळून चाललूय व्हय?" असा आवाज आला, की आम्ही समजतो, सरांच्या स्क्रीनवर लाल अक्षरं उगवली आहेत. नवीन माणसाला वाटतं, सर गावाकडच्या एखाद्या आजारी चुलत्याशी फोनवर बोलताहेत. पहिल्या दिवशी माझाही तसाच समज झाला होता. मी तर चहाच्या वेळी जवळ जाऊन "बरे आहेत का आता?" असंही विचारलं. सर म्हणाले, "हायत बरं. एक स्वल्पविराम घशात अडकला हुता."

आमची कंपनी म्हणजे साताऱ्यात पोवई नाक्याच्या जरा अलीकडे, पेढ्याच्या दुकानाच्या डोक्यावर दोन खोल्या. दुपारी खाली खवा परतायला घेतला की वर कोणाचंच कोडकडे लक्ष लागत नाही. हॉटेलं, शाळा, पतपेढ्या, दवाखाने यांची सॉफ्टवेअरं आम्ही करतो. मालक निखिल वाईचा, शिकून पुण्याला जाऊन परत आलेला, वयानं सरांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. तोही त्यांना सरच म्हणतो. मी मृणाल. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, हे माझं काम. सर सोडून बाकी सगळे तिशीच्या आसपासचे. सर पन्नाशी ओलांडलेले, म्हसवडजवळच्या एका वाडीतले, मेंढपाळाच्या घरातले. कराडला इंजिनिअरिंग केलं, साताऱ्यात नोकरीला लागले आणि तिथेच राहिले. भाषा मात्र अजून वाडीवरच मुक्कामाला आहे.

एकदा मी विचारलं, "सर, डेटाबेसलाच का अहो? बाकी सगळ्याला तर अरे-तुरे करता."

"वयानं मोठा हाय त्यो," सर म्हणाले. "ह्या धंद्यात दर दोन वर्सांनी सगळं बदलतंय. एवढं एकच म्हातारं माणूस घरात टिकून हाय. समद्यांचं बरं-वाईट त्याच्या पोटात. त्याला अरे म्हणून चालंल व्हय?"

"आणि फ्रेमवर्क?"

"ती जावयाची जात."

फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट उभी करायचा तयार सांगाडा. आम्ही सगळं त्याच्यावरच बांधतो. दर वर्षा-दोन वर्षांनी त्याचं नवीन व्हर्जन येतं, आणि ते आलं की जुनं काहीतरी त्याला चालेनासं होतं. सरांच्या मते, जावई घरी येतो तेव्हा असंच असतं. "मागच्या खेपंला तिखट चालायचं, ह्या खेपंला न्हाई चालत. आदी पाटावर बसायचा, आता खुर्ची पायजे. आन् सासू बिचारी रांधतीया." सासू म्हणजे आम्ही.

सरांच्या खुर्चीच्या पाठीवर कायम एक घोंगडं असतं. एसी लावला की ते खांद्यावर येतं. बंगळुरूहून एकदा एक बडे गिऱ्हाईक आले होते. ते घोंगडं पाहून निखिलला हळूच म्हणाले, तुमच्याकडे सिक्युरिटी गार्डसुद्धा कॉम्प्युटरवर बसतो का? निखिल लाल झाला. सरांना कळलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "बरोबरच हाय की. राखणच करतुय मी."

लग्न त्यांनी केलं नाही. गोडोलीत एका खोलीत एकटेच राहतात. पहाटे उठून स्वतः भाकरी थापतात, आणि ती इतकी गोल असते की आमच्या ऑफिसातल्या तिघी विवाहित बायका त्या डब्याकडे बघायचं टाळतात. लग्नाचं कोणी विचारलंच, तर ठरलेलं उत्तर, "जॉइन लागला न्हाई." डेटाबेसमधल्या दोन टेबलांची गाठ घालण्याला जॉइन म्हणतात. त्यासाठी दोन्हीकडे एक तरी रकाना जुळणारा लागतो. "माझा एक बी जुळंना," सर म्हणतात आणि खर्ड्याचा घास घेतात.

तक्रारीचा फोन आला की तक्रार ऐकायच्या आधी ते माणूस ऐकतात. महाबळेश्वरच्या एका हॉटेलचा मॅनेजर ऐन हंगामात बुकिंग बंद पडलं म्हणून फोनवर इतका ओरडत होता, की मी रिसीव्हर लांब धरला होता. सरांनी तो घेतला. "साहेब, औंदा दव गोठलं का वेण्णा तलावावर?" असं विचारलं. मग तो माणूस दवाबद्दल बोलायला लागला, दवावरून स्ट्रॉबेरीवर आला, स्ट्रॉबेरीवरून मुलीच्या दहावीवर. तोवर सरांच्या डाव्या हातानं बिघाड शोधून काढला होता. पुढच्या आठवड्यात स्ट्रॉबेरीची पेटी आली. वर चिठ्ठी होती, 'दववाल्या सरांना'.

असो. सांगायचं आहे ते नेत्र रुग्णालयाचं.

साताऱ्याबाहेर एक धर्मादाय नेत्र रुग्णालय आहे. माण-खटावकडची म्हातारी माणसं जीप भरभरून तिथं मोतीबिंदू काढायला येतात. त्या रुग्णालयाचं सॉफ्टवेअर वीरकर सरांनी फार पूर्वी एकट्यानं लिहिलेलं. दिवाळी झाल्यावर निखिलनं त्याचं फ्रेमवर्क नव्या व्हर्जनवर न्यायचं ठरवलं. जुन्याची मुदत संपत आली होती, त्यामुळे कधीतरी ते करणं भागच होतं. शनिवार-रविवार आम्ही तेच केलं. मी सगळी पानं उघडून पाहिली, सगळं हिरवंगार.

सोमवारी सकाळी रुग्णालयाच्या शैलाताईंचा फोन. शैलाताई म्हणजे तिथला स्वागतकक्ष, चौकशी आणि दरारा, तिन्ही.

"मृणाल, आजच्या ऑपरेशनची यादीच येत नाही गं! डोळ्यांत थेंब घालून सगळ्यांना बाकावर बसवलंय. डॉक्टर आत हात धुऊन उभे आहेत. कोणाचा कुठला डोळा ते मी काय चेहऱ्यावरून सांगू?"

मी यादीचं पान उघडलं. लाल अक्षरं. क्वेरी फसली होती. क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. आज कोणाकोणाचं ऑपरेशन आहे, हा साधा प्रश्न आम्ही त्याला विचारला होता आणि तो उत्तर द्यायलाच तयार नव्हता.

सर मागं येऊन उभे राहिले. फोन हातात घेतला. "शैलाताई, न्याहारी झाली का?"

"सर, न्याहारी कसली घेऊन बसलात!"

"मग चा तरी टाका. तुमचा चा हुईस्तवर बघतु."

मग त्यांनी लाल अक्षरं मोठ्यानं वाचली, मराठी करून. ते नेहमी तसंच करतात. "'ही तारीख बरोबर न्हाई.' कंची तारीख? शून्य शून्य, शून्य शून्य, शून्य शून्य शून्य शून्य." ते थांबले. "आवं, ही तर तुमी इतकी वर्सं घेत आलाय! आजच काय झालं?"

थोडा वेळ खालीवर बघून ते हसले. "त्यांचं काय न्हाई, मृणाल. जावयानं कान भरल्यात."

झालं होतं ते असं. नवीन फ्रेमवर्क येताना स्वतःची शिस्त घेऊन आलं होतं. त्यानं डेटाबेसला बजावलं, की यापुढं कडक राहायचं, खोटी तारीख दिसली की कामच थांबवायचं. आणि ज्याची जन्मतारीख शून्य त्याचं अंदाजे वय दाखवा, असं आमच्या प्रश्नात लिहिलेलं होतं, त्यातच ती शून्याची तारीख होती. शनिवार-रविवारी ऑपरेशनं नसतात, म्हणून हा प्रश्न विचारायची वेळच आली नव्हती. सरांनी सेटिंगमधला एक शब्द बदलून तो कडकपणा तेवढ्यापुरता काढला. यादी आली. शैलाताईंच्या चहाला अजून उकळीही फुटली नव्हती.

दुपारी निखिलनं आम्हाला बोलावलं. "सर, मुळात शून्य तारखा आल्याच कुठून?"

"मीच घातल्यात," सर म्हणाले.

सॉफ्टवेअर नवीन होतं तेव्हा शैलाताई प्रत्येक पेशंटला जन्मतारीख विचारायच्या आणि निम्मी म्हातारी माणसं नुसती हसायची. रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही. मग सरांनी सोय करून दिली, की ठाऊक नसेल तर सगळी शून्यं टाका आणि वय अंदाजे लिहा. ती सोय इतकी वर्षं चालली. शे-दोनशे माणसं त्या शून्यांवर नांदत होती.

"पुढच्या व्हर्जनला ही पळवाट राहणार नाही," निखिल म्हणाला. "एक क्वेरी मारू. सगळ्यांना एक जून टाकू. विषय संपला."

बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण आमच्याकडे जुन्या पिढीतला अर्धा गाव एक जूनला जन्मलेला असतो. शाळेत घालताना आईबापांना तारीख सांगता यायची नाही, मग गुरुजी आपले एक जून लिहून टाकायचे.

सर खुर्चीत सरळ बसले. "एका ओळीत एवढ्या माणसांचा जल्म उरकायचा?"

"मग रिकामं ठेवू ना सर," मी म्हटलं. डेटाबेसमध्ये रिकाम्या जागेला नल म्हणतात. तेच खरं तर शिस्तीचं उत्तर होतं.

"शून्य म्हंजी इचारलं, पर ठावं न्हाई. नल म्हंजी इचारलंच न्हाई. आपुन इचारलंय का?"

"शैलाताईंनी विचारलं होतं की."

"रांगंत. मागं जीपवाला हॉर्न वाजवतुय, डोळ्याला दिसत न्हाई, पुढं काचंत बाई. अशात कुणाला आठवंल? बसून इचारलं पायजे."

निखिलनं छताकडे पाहिलं. "सर, आपण सॉफ्टवेअर कंपनी आहोत. जनगणना खातं नाही."

"म्हणून तर म्हणतु. ते अंदाजे लिवून फुडं जात्यात."

सरांशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण ते वाद घालतच नाहीत. ते नुसते बसून राहतात. शेवटी निखिलनं दुपारचे दोन तास दिले. रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरबाईंनी हसत परवानगी दिली. म्हणाल्या, सापडली तर लिहा, नाही सापडली तर रिकामी ठेवा, पण कोणाला त्रास देऊ नका. मग रोज दुपारी मी आणि सर रुग्णालयात जाऊन बसू लागलो. शैलाताई फोन लावून द्यायच्या, सर बोलायचे, मी टाइप करायची.

त्या दुपारी माझ्या आयुष्यातल्या फार चांगल्या दुपारी होत्या.

"तुमच्या येळंला रानात काय उभं हुतं, आजी? बाजरी का ज्वारी?" अशी सुरुवात व्हायची. बाजरी म्हटलं की पावसाळा, हुरडा म्हटलं की थंडी. मग सण. मग घरातलं थोरलं-धाकटं. मग कोयनेचा भूकंप आणि बहात्तरचा दुष्काळ. "भूकंपात तुमी केवढ्या हुता?" "पहिलटकरीण हुते." अशी खुंटी सापडली की सर मागं मागं मोजत जायचे आणि जुन्या पंचांगात शिरायचे.

म्हसवडचे एक आजोबा म्हणाले, "सिद्धनाथाच्या रथादिशीच झालो मी. माझ्यामुळं आयला रथ बघायला गावला न्हाई. ती मरूस्तवर मला त्यावनं बोलली." सरांनी त्यांना तारीख काढून दिली, तर आजोबा म्हणाले, "आता आयला जाऊन सांगतो, बघ, इंग्लिशमधी बी माझीच चूक निघाली."

एक निवृत्त सुभेदार होते, उसाच्या गावचे; रांगेच्या घाईत त्यांचीही शून्यंच पडली होती. ते फोनवर कडाडले, "माझी जन्मतारीख एक जून!"

"ती कागदावरची, सुभेदारसाहेब. खरी कंची?"

"सरकारी तीच खरी! तुम्ही पेन्शन खात्याचे आहात का? नाव काय तुमचं?" मग आवाज एकदम खाली आणून, "हे बघा, भरती होताना मी थोडा मोठा झालो होतो. आता या वयात परत लहान करू नका."

त्यांना आम्ही एक जूनच लिहिला.

आणि एक आजी म्हणाल्या, "जल्मले त्यो काय कमी ताप झाला? वर आनि तारीख कशाला?" पण अर्ध्या तासानं त्यांनीच उलटा फोन केला. "आरं, आंब्याचं दीस हुतं. आय म्हणायची, तुझ्या डोहाळ्याला कैऱ्या आन् तू आल्यावर आंबं. लिव आंबं." सरांनी मला खरोखर 'आंबे' लिहायला लावलं. तारखेच्या रकान्यात ते बसेना, तेव्हा शेऱ्यात लिहिलं.

मग नकुसाबाईंचा फोन लागला. दहिवडीच्या पलीकडच्या एका वस्तीवर त्या राहतात. आमच्याकडे जास्त मुली झाल्या की एखादीचं नाव नकुसा ठेवायचे, म्हणजे देवाला निरोप पोचावा, की आता मुलगी नको.

"नकुसाचा जल्म कोण ध्यानात ठेवतंय व्हय रं?" त्या हसत म्हणाल्या. "चार पोरींवर पाचवी मी. काय ते नावातच लिवलंय की."

सरांनी खुर्ची फोनजवळ ओढली. म्हणाले, "आजी, घरात तुमच्याहून थोरलं कोण हाय का?"

"थोरली भन हाय, हौसाबाई. माझ्यापाशीच असती. पर तिला फोनवर ऐकू येत न्हाई. लय बोंबलावं लागतं."

सरांनी फोन ठेवला. "ही रिकामी ऱ्हाऊ दे आता. समक्ष जायला लागतंय."

पुढच्याच आठवड्यात दहिवडीला जायचं निघालं. रुग्णालयाचं तिथं तपासणी केंद्र आहे, तिथल्या माणसांना नवीन पानं दाखवायची होती. ते काम दुपारपर्यंत आटोपलं. परतताना सरांनी न बोलता गाडी उलट्या दिशेला वळवली. उजाड माळ, मध्ये मध्ये मेंढरं, लांबवर पवनचक्क्या. वस्तीवर पाच-सहा घरं होती. एका पत्र्याच्या सपरात दोघी म्हाताऱ्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

"कोण रं?" धाकटीनं हाताची सावली करून पाहिलं. "आवाज काढ की. फोनवाला तर न्हवं?"

"व्हय आजी. डोळा कसा हाय?"

"लय झ्याक. हिच्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या हायत्या ते मला ठावंच नव्हतं."

हौसाबाई नव्वदीला टेकलेल्या असाव्यात. बारीक, वाळलेल्या, पण नजर लख्ख. पहिली मुलगी म्हणून हौसेनं ठेवलेलं नाव. सर त्यांच्या कानाशी वाकून ओरडले, "आजी! नकुसाबाय झाल्या तवाचं काय आठवतंय का?"

"कोण?"

"नकुसा!"

"ती काय, हितंच बसलीया."

मी हसू दाबलं. सरांनी पुन्हा विचारलं. दोनदा, तीनदा. हौसाबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"त्या दिशी शेळी व्याली," त्या म्हणाल्या. "दोन करडं झाली. दोन्ही पाठी. मादी करडं म्हणून बाला लय आनंद. समदी गोठ्याकडं पळाली, गूळ काय, पानी काय. आन् घरात आय तापानं फणफणलेली. ही बया नुसती रडतीया. मी हिला आज्याच्या जुन्या पटक्यात गुंडाळलं. भाईर हुरड्याची आगटी पेटलेली, तितं जाऊन बसले मांडीवर घिऊन. थंडी मरणाची. चांदणं असं, का सुई पडली तर गावंल. पौषातली पुनव ती. उजाडूस्तवर बसले. वाटायचं, खाली ठिवली तर गार हुईल."

नकुसाबाईंच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या होत्या.

"हे मला कवा सांगितलं न्हाईस गं," त्या म्हणाल्या. हळू म्हणाल्या, तरी हौसाबाईंना ते ऐकू गेलं.

"तू कवा इचारलंस?"

नकुसाबाईंनी बहिणीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. सर दुसरीकडे बघत होते. मी मोबाइलमध्ये पौष पौर्णिमा असं लिहिलं. साल काढायला भूकंप उपयोगी पडला. तेव्हा नकुसाबाईंचा थोरला मुलगा रांगत होता.

"आता तुमची बी तारीख झाली बघा," सर उठत म्हणाले. "जावई काय करतुय बघू."

"कुठला जावई?"

"हाय एक. ऑफिसात."

"बस की," नकुसाबाई म्हणाल्या. "समद्या गावाला इचारत फिरतुयास. तुजा कवा असतु रं?"

"माझा? एक जून." सर हसले. "गुरुजींनी लिवलेला."

"त्यो ऱ्हाऊ दे. खरा?"

"न्हाई ठावं."

"आय सांगायची न्हाई?"

"आय मला कळायच्या आदीच गेली. बा बी. मामानं वाढीवला. मामाला कंची मेंढी कवा व्याली, समदं तोंडपाठ. माझं तेवढं न्हाई ऱ्हायलं ध्यानात."

हेही त्यांनी नेहमीच्या ढंगात, हसत सांगितलं. ऑफिसात असते तर आम्ही हसलोही असतो. तिथं कोणी हसलं नाही.

"काय म्हंतुय त्यो?" हौसाबाईंनी विचारलं.

नकुसाबाई त्यांच्या कानाशी जाऊन ओरडल्या, "ह्येचा जल्म कवाचा ते कुणालाच ठावं न्हाई म्हंतुय!"

साऱ्या वस्तीला ऐकू गेलं असेल. पलीकडच्या घरातली एक बाई दारात येऊन उभी राहिली. सर खाली मान घालून शेंगांची टरफलं गोळा करायला लागले. हौसाबाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं, एखादं जनावर विकत घ्यायच्या आधी बघावं तसं, वरपासून खालपर्यंत.

"मग आजचा धर म्हणावं," त्या म्हणाल्या. "आज काय वाईट दीस हाय?"

"आवं आजी, असं कुठं असतंय..." सर म्हणाले.

"का? गुरुजीला आलं, आमाला न्हाई येत?"

नकुसाबाई तोवर आत गेल्या होत्या. गुळाचा खडा घेऊन आल्या आणि सरांच्या तोंडात घातला. मग दोन्ही हात त्यांच्या चेहऱ्यावरून फिरवले आणि आपल्या कानशिलावर बोटं कडाकडा मोडली. "औक्षवंत हो," म्हणाल्या. पन्नाशी ओलांडलेला माणूस गालात गूळ धरून उभा होता. त्यानं वाकून दोघींच्या पायांना हात लावला. हौसाबाईंनी पदराच्या गाठीतून शेंगांची मूठ काढून माझ्याही ओंजळीत टाकली.

परतीच्या वाटेवर सर गाडी चालवत होते. शेंगा खात मी बाहेर बघत होते. ऊन उतरलं होतं, मेंढरं वाड्याकडं निघाली होती. पुसेगाव मागं पडलं तेव्हा त्यांनी गाडी जरा हळू केली.

"मृणाल."

"काय सर?"

"आज तारीख काय हाय गं?"

मी सांगितली. त्यांनी ती ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिली, मग परत एकदा.

"बरी हाय," म्हणाले, आणि गिअर बदलला.